टेकडीपलीकडचा डबा

रिबकाबाई वानखडे रोज पहाटे टेकडीवर प्रार्थनेला जातात, असं अख्खं गाव सांगायचं, आणि ते साफ खोटं होतं. टेकडीच्या वाटेनं त्या जात, एवढंच खरं. पण टेकडी न चढता तिला वळसा घालून त्या पलीकडे उतरत, नाला ओलांडत आणि मथुराबाईच्या शेतातल्या घरी पोचत. पदराखाली डबा असे. आता खोटं म्हणाल तर रिबकाबाई स्वतः कधी बोलल्या नाहीत. वाटेत कोणी विचारलं, "काय बाई, प्रार्थनेले निघाल्या का?" तर त्या नुसत्या हसत. त्या हसण्याचा अर्थ गावानं तीन-चार वर्षं आपल्या सोयीनं लावला. पाळकसाहेबांनी तर दोनदा उपदेशात त्यांचं उदाहरणही दिलं.

घाटंजीच्या अलीकडचं हे गाव कापसाचं आणि तुरीचं. त्यात ख्रिस्ती घरं अकरा, पत्र्याचं एक चर्च, आणि त्या चर्चमध्ये अगदी शेवटच्या चटईवर, दाराला लागून बसणाऱ्या रिबकाबाई. दाराला लागून का, तर उपासना संपायच्या आत उठून सगळ्यांच्या चपला सरळ लावता याव्यात. अर्धा जन्म त्यांनी मुलींच्या एका वसतिगृहात भाकरी थापल्या. नवरा शांतवन पंधरा वर्षांपूर्वी वारला. मुलगा रवी घाटंजीच्या स्टँडजवळ पंक्चरचं दुकान चालवतो, सून दीपा घर सांभाळून कापूस वेचायला जाते. बाई पासष्टीच्या, काटकुळ्या, आणि कुणाची तरी माफी मागायची राहून गेल्यासारखा चेहरा. कुणाकडे लग्न असलं की त्या हमखास सापडायच्या मांडवामागे, पातेली घासताना. एका नाताळात पाळकसाहेबांनी शाल द्यायला त्यांचं नाव पुकारलं, तर बाई पाण्याच्या टाकीमागे दडून बसल्या. शाल शेवटी रवीनं घेतली, आणि आठवड्याच्या आत ती घरातून नाहीशी झाली. कुणाला दिली, ते आजवर कळलेलं नाही.

हे सगळं बापाचं देणं. बाप सालदार होता, चाळिशीत ख्रिस्ती झाला, आणि प्रभूची एकच शिकवण त्यानं पोरीच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकली. "या हातानं देल्लं ते त्या हाताले समजू देऊ नोको. बोभाटा केला का गेलं सारं पान्यात." शिकवण चांगलीच आहे, तिला कोण नाव ठेवील? पण चांगल्या शिकवणीलाही कुठे थांबायचं हे सांगणारं माणूस लागतं. रिबकाबाईंना ते भेटलं नाही.

मथुराबाई म्हणजे एके काळची चाळीस एकरांची मालकीण. रिबकाबाई तरुणपणी तिच्याच शेतात निंदायला जात आणि ती बांधावर उभी राहून त्यांच्यावर डाफरत असे. पुढे नवरा गेला, मुलगा पियुष हैदराबादेकडे गेला तो तिकडचाच झाला, डोळे गेले, आणि चार वर्षांपूर्वी पडून खुबा मोडला. तेव्हापासून ती खाटेवर. शेत करायचा आर्णीचा पुतण्या, वामनराव. तो पंधरा दिवसांतून एकदा यायचा, किराणा टाकायचा आणि उंबऱ्यातूनच विचारायचा, "काकू, बरं हाये ना?" रोजच्या रांधण्याधुण्याला त्यानं पोडावरची, म्हणजे जवळच्या कोलामवस्तीतली, जमनी लावून दिली होती. जमनी चार महिन्यांत लेकीकडे तेलंगणात निघून गेली. मथुराबाईनं हे पुतण्याला सांगितलंच नाही. सांगितलं तर तो उचलून आर्णीला नेईल आणि आपलं घर सुटेल, ही धास्ती. "येते ना जमनी, रोज येते," असं ती ठोकून द्यायची.

त्याच दिवसांत एकदा रिबकाबाई काड्या वेचत तिकडे गेल्या आणि वासानं थबकल्या. आत डोकावल्या तर म्हातारी दोन दिवसांच्या घाणीत पडलेली.

"कोन हाये?"

"मी रिबका, बाई. शांतवनची."

"पानी दे." तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्यावर मालकीण जागी झाली. "अन् आयक, कोनाले सांगू नोको. मथुरा किरिस्तावाच्या घरचं खाते म्हनतीन लोकं."

"नाई सांगत, बाई."

"पोराले बी नाई, सुनेले बी नाई."

"नाई सांगत म्हनलं ना."

हे वचन देताना रिबकाबाईंना जड तर गेलं नाहीच, उलट आनंद झाला. बापाची शिकवण आयतीच पाळली जात होती. शिवाय ख्रिस्ती बाई हिंदू म्हातारीला घास भरवते म्हटल्यावर चार टाळकी विचारणारच, बाटवायला जाते का म्हणून. तेव्हा गप्प राहणं सगळ्याच बाजूंनी बरं. तेव्हापासून रोज पहाटे त्या जाऊन म्हातारीला पुसत, कूस बदलत, लुगडं धूत, दुधात कुस्करलेली भाकर भरवत, संध्याकाळसाठी थोडी उशाशी ठेवत आणि पाण्याची कळशी हाताशी सरकवत. कुत्री शिरू नयेत म्हणून निघताना बाहेरून कडी घालत. मथुराबाई आभार मानण्यातली नव्हती. "आज लय उशीर केला वं," "दूध पातळ हाये," हाच तिचा पाढा. रिबकाबाईंना तो गोड लागायचा. खरं सांगायचं तर दिवसातला तेवढा एक तास फक्त त्यांचा होता, आणि तो कुणाबरोबर वाटून घ्यायची त्यांना इच्छाही नव्हती. नम्र माणसालाही असा एखादा लोभ असतो.

आणि मग वेचणीच्या ऐन हंगामात, एका मंगळवारी पहाटे, चुलीसमोरून उठताना रिबकाबाई कोसळल्या.

लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. रवीनं शेजाऱ्याची गाडी करून यवतमाळचा दवाखाना गाठला. मंगळवार-बुधवार बाईंना कसलं भान नव्हतं. गुरुवारी सकाळी त्यांनी डोळे उघडले, वर फिरणारा पंखा पाहिला, आणि पहिला विचार आला तो मथुराबाईचा. कोण गेलं असेल तिच्याकडे? उत्तर त्यांनाच ठाऊक होतं. वामनराव परवाच्या रविवारी येऊन गेलेला, म्हणजे अजून दहा दिवस तो फिरकणार नाही. आणि दाराला बाहेरून कडी आपणच घातलेली.

त्यांनी रवीला हाक मारली. सांगायचं होतं, मथुरा. जीभ वळली आणि तोंडातून आलं, "प्रभू."

पुन्हा सगळा जीव एकवटून त्या म्हणाल्या. पुन्हा "प्रभू."

डॉक्टरांनी रवीला समजावलं, की असं होतं. मेंदूला धक्का बसला की सगळे शब्द जातात आणि जन्मभर घोकलेला एखादाच राहतो. तोच येतो मग, पाणी हवं असलं तरी आणि शेजारी आग लागली तरी. रवी हे ऐकून ओक्साबोक्शी रडला. "माय माही, सारं गेलं, पन प्रभूचं नाव नाई सोडलं!" रिबकाबाईंनी डाव्या हातानं त्याची कॉलर धरून त्याला हलवलं. त्यानं तो हात कपाळाला लावला.

संध्याकाळी त्यांना घरी आणलं. आता औषधं द्या आणि सेवा करा, एवढंच सांगितलं होतं. आणि सेवा करायला सगळी मंडळी तुटून पडली. अकरा घरांतून पाळ्या लागल्या. कुणी पाय चेपी, कुणी तेल लावी, कुणी पेज आणी. जन्मभर ज्यांच्या चपला लावल्या, ते उशाशी बसून वारा घालू लागले. यांतलं एकही माणूस वाईट नव्हतं, हेच तर अवघड. वाईट माणसावर निदान चिडता तरी येतं. रिबकाबाईंना सेवा करायची सवय होती. करून घेताना त्या आतून जळत होत्या, कारण एकेक घास तोंडाशी आला की दुसरं एक तोंड समोर दिसायचं.

शुक्रवारी त्यांनी जेवायचं नाकारलं. दीपानं पुढे केलेली भाकर डाव्या हातात घेतली, छातीशी धरली आणि त्याच हातानं दाराकडे, टेकडीकडे दाखवू लागल्या. "प्रभू, प्रभू."

"काय म्हनून राह्यल्या?" शेजारच्या शकुबाईनं विचारलं.

दीपा बावचळली. "टेकडी दाखोते वाटते. प्रार्थनेले जायाचं असन."

पाळकसाहेबांना बोलावणं गेलं. ते भले गृहस्थ, डोळे भरूनच आले. त्यांनी भाकर पाहिली, दार पाहिलं, थोडा विचार केला. "बाई उपास करून राह्यल्या," ते म्हणाले, "अन् आपला घास गरिबाले द्या म्हनते." रिबकाबाईंच्या अंगावर काटा आला, इतकं ते जवळ आलं होतं! त्यांनी जोरजोरात होकाराची मान हलवली. पाळकसाहेबांना हुरूप आला. शनिवारी चर्चच्या अंगणात मोठ्या गंजात खिचडी शिजली आणि साठ माणसं जेवली. गावातला एकही भुकेला राहिला नाही, असं रवी मोठ्या समाधानानं सांगायला आला. रिबकाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि त्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत राहिलं. आनंदाचे अश्रू आहेत, असं शकुबाई म्हणाली.

रात्रंदिवस त्या एकच हिशेब करत होत्या. उशाशी ठेवलेली भाकर सोमवारीच संपली. कळशी मोठी, पण तिचा हात थरथरतो, अर्धं पाणी सांडतं. बुधवार तर गेलाच असेल. गुरुवार कसाबसा. काटक बाई आहे, चाळीस एकर राबवलेलं हाड आहे. ओरडली असेल. पण तुरी डोक्याएवढ्या वाढलेल्या, नाला मधे, ऐकणार कोण? ओरडताना कुणाचं नाव घेत असेल, ते रिबकाबाईंना ठाऊक होतं. आणि मग बापावर त्यांना राग येई, आयुष्यात पहिल्यांदा. या हाताचं त्या हाताला कळू नये, ठीक. पण एखाद्या माणसाला तरी सांगून ठेवायचं होतं ना. दीपाला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पोरगी तोंडाची बंद आहे. पण नाही. गुपित जपता जपता आपण म्हातारीलाच कोंडून ठेवलं, असं त्यांना वाटे, आणि वाटलं तरी सांगायला शब्द एकच.

रविवारी उपासनेनंतर रवीच्या मनात आलं, की मायची एवढी इच्छा आहे तर तिला टेकडीवर न्यावं. चौघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बाईंना बसवलं, ओढणीनं बांधलं आणि उचललं. मागून सारी मंडळी, गाणी म्हणत. रिबकाबाईंचा जीव धपापत होता. टेकडीवर आजवर त्या एकदाही चढल्या नव्हत्या, पण वरून पलीकडचं दिसतं एवढं त्यांना माहीत होतं.

आणि दिसलं. नाला, तुरीचं रान, आणि त्यात मथुराबाईच्या घराचे पत्रे उन्हात चमकताना. दारसुद्धा ओळखू येत होतं. बंद.

त्यांनी डावा हात उचलला आणि घरावर रोखला. बोट ताठ. "प्रभू! प्रभू! प्रभू!" आवाज फाटला. आता तरी एकानं, एकानं त्या बोटाच्या दिशेनं पाहावं. चारशे पावलांवर घर होतं. पाहिलं असतं तर कुणीही विचारलं असतं, की ते घर कुणाचं, बाई तिकडे काय दाखवतात.

"आपन प्रार्थना करू," पाळकसाहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

प्रार्थना लांबली. बाईंचं बोट तसंच घरावर रोखलेलं, आणि अखेर हात मांडीवर पडला. मंडळींनी डोळे उघडले तेव्हा त्यांची मान कलली होती. किती शांत झाल्या बघा, असं म्हणत लोकांनी त्यांना खाली आणलं.

सोमवारी घरात गर्दी नव्हती. रवी दुकानावर, बाकी सारे वेचणीला. दीपा सासूसाठी थांबली होती. सकाळपासून तिला स्वयंपाकघरात कसला तरी आंबूस वास येत होता. उंदीर मेला असेल म्हणून तिनं धान्याची कोठी ओढली, तर मागे स्टीलचा डबा आडवा पडलेला. मंगळवारी पडताना बाईंच्या हातातून घरंगळलेला. तिनं झाकण काढलं आणि नाकाला पदर लावला. आत बुरशी चढलेली भाकर. दुधात कुस्करलेली.

सासूचे दात शाबूत आहेत, दुधाला तर ती शिवतही नाही. मग पहाटे पाचला डबा भरून ही कुठे निघाली होती?

ती डबा घेऊन खाटेपाशी आली. "आई, हे कोनासाठी होतं?"

रिबकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पडल्यापासून आज पहिल्यांदा त्यांना कुणी काहीतरी विचारलं होतं. बाकीच्यांनी नुसतं सांगितलं होतं.

"घरच्या कोनासाठी?"

मान हलली, नाही.

"गावातल्या?"

नाही.

"टेकडीकडच्या?" दीपाचा आवाज खाली आला. "टेकडीपल्याड त एकच घर हाये, आई. मथुराबाईचं."

रिबकाबाईंनी तिचं मनगट असं पकडलं की बांगडी पिचली.

"तुमी रोज तिले जेवाले नेत होत्या? अन् ते जमनी?"

आधी मान होकाराची हलली, मग जमनीच्या नावाला नाही, नाही.

"मंग तिच्यापाशी दुसरं कोनीच नाई?"

दीपानं बोटांवर दिवस मोजले. मंगळवार, बुधवार, गुरुवार, आणि पुढे मोजायची थांबली. तिनं शकुबाईच्या घरी हाक दिली, "मावशी, जराशी बसा आईपाशी," घाईघाईनं दूध तापवलं, त्यात भाकर मोडली, पाण्याची बाटली घेतली आणि निघाली. चपला घालायच्या राहून गेल्या.

दुपार कशी गेली ते रिबकाबाईंनाच ठाऊक. शकुबाई उशाशी बसून यंदाच्या कापसाचं, आपल्या गुडघ्यांचं आणि कोणाच्या कोणाशी जमलेल्या सोयरिकीचं सांगत होती. बाई दाराकडे बघत होत्या. जायला अर्धा तास. भरवायला अर्धा. पुसून काढायला, लुगडं बदलायला तास तरी. म्हातारी आधी दीपावर खेकसेल, उशीर काहून केला म्हणेल. म्हणू दे. हजारदा म्हणू दे. ऊन भिंतीवर चढलं, पिवळं झालं, गेलं, आणि तरी दीपा आली नाही.

दिवेलागणीला पावलं वाजली. दीपा दारातून आत आली नाही. घराला वळसा घालून ती मागच्या न्हाणीत गेली. बादली सरकल्याचा आवाज आला, मग डोक्यावरून पाणी ओतल्याचा. एक तांब्या, दोन, पुन्हा पुन्हा.

"सांजच्याले कायले न्हातं वं?" शकुबाईनं तिथूनच ओरडून विचारलं.

"धूळ लागली लय," दीपा आतून म्हणाली.

रिबकाबाईंनी डोळे मिटले. ख्रिस्ती झालं म्हणून गावची रीत सुटत नाही. मयताला हात लावून आलेलं माणूस आधी न्हाणीत जातं, डोक्यावरून पाणी घेतं, आणि मगच घरात पाऊल टाकतं. ते एवढ्याशा पोरालाही माहीत असतं.

दीपा ओल्या केसांनी आली. शकुबाईला तिनं वाटेला लावलं, ताटात भाकर-वरण कालवून आणलं आणि खाटेवर बसली. तिचे डोळे लाल होते. पाणी गेल्यामुळेही होतात.

"भेटली, आई," ती म्हणाली. "बरी हाये. थकली हाये जराशी. जेवली दोन घास. तुमाले इचारत होती, काहून नाई आली म्हने रिबका. मी म्हनलं, तब्येत नाई बरी, उद्यापासून मी येत जाईन." एका दमात बोलली, पाठ केल्यासारखं. मग घास पुढे धरला.

रिबकाबाईंना कितीतरी विचारायचं होतं. कधी गेली असेल, कळशीत पाणी उरलं होतं का, दाराकडे सरकली होती का. आणि या पोरीनं एकटीनं तिथं कडी काढून काय पाहिलं, कसं केलं, कुणाला हाक मारली. यांतलं काहीच विचारता येणार नव्हतं. मला समजलं आहे, एवढंसुद्धा सांगता येणार नव्हतं. पोटातून हुंदका येत होता तो त्यांनी तिथंच दाबला, कारण तो बाहेर आला असता तर ही पोरगीही कोलमडली असती, आणि तिला अजून स्वयंपाक करायचा होता, रवी यायचा होता. चार दिवस भाकरीला तोंड न लावलेल्या रिबकाबाईंनी तोंड उघडलं.

घास निम्मा आत गेला, निम्मा वाकड्या ओठातून ओघळला. दीपानं पदरानं पुसला. त्यांनी चावला, गिळला, आणि डाव्या हातानं दीपाचे ओले केस कपाळावरून मागे सारले.

"पाह्या, म्हनलं ना मी, बरी हाये ते," दीपा म्हणाली आणि दुसरा घास मोडायला खाली वाकली. रिबकाबाईंनी तोही खाल्ला.